न वापरलेला जिना

बाराव्या मजल्यावर रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा, जिना कुठं आहे? तो हात दाखवतो ती बहुतेक वेळा लिफ्टची दिशा असते. जिना तिथंच कुठंतरी असणार, असा त्याचा अंदाज. मजल्यावर दुसराही जिना आहे हे त्याच्या गावीही नसतं. तो पॅन्ट्रीच्या मागच्या बोळकांडीत, प्रिंटरच्या खोलीला वळसा घालून असतो, आणि तिथली वाट फक्त हाउसकीपिंगच्या मावशींना आणि लपून सिगारेट ओढणाऱ्यांना माहीत असते. आग लागली तर या मजल्यावरून सगळ्यात नीट बाहेर पडतील ती हीच मंडळी.

यात विनोद कमी आणि तथ्य जास्त आहे. गडबडीत माणूस ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं बाहेर जायला बघतो. हिरवा, पळणारा माणूस काढलेली पाटी डोक्यावर दिवे लावून उभी असते, पण वर्षानुवर्षं न वाचलेली पाटी धुरात कोण वाचणार? त्यात दिवाळीत टेबलांच्या रांगा सजवायची ‘बे डेकोरेशन’ स्पर्धा असेल तर त्या पाटीवर हमखास झेंडूचं तोरण आलेलं असतं आणि जिन्याच्या दाराला क्रेप कागदाचा पडदा. रांगोळीला बक्षीस मिळतं, आणि पडदा तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच राहतो.

धुराचं आधी बोलू, कारण ज्वाळेपेक्षा माणसं त्यानंच जास्त जातात. ऑफिसात जळण्यासारखं काय असतं? खुर्च्यांचा फोम, कार्पेटच्या टाइल्स, लॅमिनेटची पार्टिशनं, फॉल्स सीलिंगवर गुंडाळलेल्या केबलींचे गठ्ठे. हे जळतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो, फोममधून हायड्रोजन सायनाइडही निघतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं, आणि मुख्य म्हणजे निर्णय चुकायला लागतात. दार ढकलायचं की ओढायचं, हेसुद्धा सुचत नाही. ओला रुमाल नाकाला लावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. रुमालानं काजळी अडते, गरम हवा थोडी सुसह्य होते. वायू मात्र त्यातून सरळ आरपार जातो. म्हणून रुमाल ओला करायला वॉशरूमकडे वळणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. धूर दिसला की वाकायचं, गरज पडली तर हातापायांवर रांगायचं, कारण त्यातल्या त्यात बरी हवा जमिनीलगतच्या फूट-दीड फुटात उरते.

धूर आगीच्या मजल्यावर थांबत नाही. 23 फेब्रुवारी 2010 रोजी बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये आग मोठी नव्हतीच. विजेच्या शाफ्टमधून धूर वर चढला, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या, आणि 9 माणसं गेली. काही जण गुदमरून, काही खिडकीतून उड्या मारून. उंच इमारतीतला प्रत्येक उभा पोकळ भाग, मग ती केबलची डक्ट असो, एसीची असो की लिफ्टचा खड्डा, धुराच्या दृष्टीनं धुराडंच. केबल स्लॅबमधून जिथं वर जाते ती भोकं आगरोधक मसाल्यानं बुजवलेली असतात. नवीन इंटरनेटवाला येतो, मसाला खरवडतो, आपली तार ओवतो आणि भोक तसंच सोडून जातो. जास्तीत जास्त त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो. इमारत सांभाळणाऱ्यांनी वर्षातून दोनदा डक्टची दारं उघडून वर टॉर्च मारावा. वरच्या मजल्याचा उजेड दिसला, की कामाला लागायचं.

आता जिन्याच्या दाराकडे जरा जवळून बघू. हे दार साधं लाकडी नसतं. ठरावीक वेळ, बहुतेक ठिकाणी दोन तास, आग अडवेल असं ते बनवलेलं असतं. चौकटीच्या खाचेत एक पट्टी असते, ती तापली की फुगते आणि फट बुजवते. वर क्लोजर असतो, कारण दार आपोआप मिटलं तरच त्या दोन तासांना अर्थ आहे. आणि या सगळ्या शास्त्राचा निकाल लावते ती तीन इंचांची लाकडी पाचर. पाण्याचे जार वर न्यायचे असतात, दार सारखं आपटतं, कुणाला सिगारेट ओढून परत यायचं असतं. पाचर नसली तर लादीची फोड, नाहीतर लाल रंगाची अग्निशामक वाळूची बादलीच. दार उघडं राहिलं की जिना हा जिना राहत नाही. तोही धुराडं होतो, आणि वरच्या सगळ्या मजल्यांची वाट एका पाचरेनं बंद होते.

बऱ्याच नव्या इमारतींत जिन्यात पंख्यानं हवा दाबून भरतात, म्हणजे दार उघडलं तरी धूर आत न येता हवाच बाहेर पडते. हा दाब साधारण 50 पास्कल ठेवतात. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच दारावर त्याचं ओझं होतं 105 न्यूटन, म्हणजे सुमारे साडेदहा किलो. बिजागऱ्या एका बाजूला असल्यानं हँडलपाशी त्याच्या निम्मं, पाचेक किलो जाणवतं, वर क्लोजरच्या स्प्रिंगचा जोर वेगळा. जादा दाब बाहेर सोडणारा डँपर अडकलेला असेल तर हे दुप्पट-तिप्पट होतं. मग एखादी किरकोळ अंगाची मुलगी दाराला खांदा लावते, दार हलत नाही, ती म्हणते ‘कुलूप आहे’, आणि मागची दहा माणसं उलट फिरतात. कुलूप नसतंच. म्हणून सराव करताना पंखे चालू ठेवून दारं उघडून बघायची. पंखे बंद ठेवून केलेली चाचणी म्हणजे कागदाची भर.

कुलपाची गोष्ट त्याहून किचकट आहे. कार्ड दाखवून उघडणाऱ्या दारांवर चुंबकी लॉक असतं. साधं लॉकसुद्धा अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या जोरानं दार धरून ठेवतं. धक्के मारून ते सुटत नाही. वीज गेली की चुंबक सुटतो, हे खरं. त्या भरवशावर सगळे निवांत असतात आणि तिथंच फसतात, कारण लॉकला युपीएसचा किंवा स्वतःच्या बॅटरीचा आधार दिलेला असतो. इमारतीची वीज गेली तरी ते तासन्‌तास घट्ट. ते सुटायला हवं आगीच्या पॅनेलकडून, म्हणजे अलार्म चालवणाऱ्या पेटीकडून, आलेल्या इशाऱ्यावर. त्यासाठी पॅनेलच्या रिलेपासून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचपासून, लॉकच्या वीजपुरवठ्यापर्यंत वायर लागते, आणि अॅक्सेसचा, म्हणजे कार्डाच्या यंत्रणेचा, कंत्राटदार बदलला की नेमकी तीच एक वायर जोडायची राहते. दाराशेजारी फोडायची हिरवी पेटी असते. तिनं लॉकची वीज थेट तोडायला हवी. काही ठिकाणी ती फक्त संगणकाला ‘उघड’ अशी विनंती पाठवते, आणि संगणक बंद असेल तर विनंती हवेत. तपासायची रीत एकच: अलार्म खरा वाजवायचा, कार्ड खिशात ठेवायचं आणि प्रत्येक दार हातानं ढकलायचं. खालच्या लॉबीतले फ्लॅप बॅरियर, म्हणजे कार्डानं उघडणारी फाटकं, त्याच वेळी उघडतात का, तेही बघून घ्यायचं.

किती माणसं बाहेर पडू शकतात, याला हिशेब आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 कार्यालयासाठी दर माणशी 10 चौरस मीटर जागा धरते, आणि जिन्याच्या रुंदीपैकी दर माणशी 10 मिलिमीटर. म्हणजे दीड मीटर रुंदीचा जिना एका मजल्याच्या 150 माणसांचा. दोन हजार चौरस मीटरचा मजला म्हणजे कागदावर 200 माणसं, दोन जिने, हिशेब चोख. मग त्याच मजल्यावर कॉल सेंटर किंवा को-वर्किंग येतं, टेबलं चिकटवली जातात आणि माणसं होतात चारशे. जिना तेवढाच राहतो. दुसरी मेख अशी, की ही रुंदी एकेका मजल्याच्या माणसांवरून ठरते, सगळ्या इमारतीच्या नव्हे. पंचवीस मजले एकदम जिन्यात उतरले तर मधल्या मजल्यांच्या दारांशी माणसं तुंबतात आणि वरचे जागीच खोळंबतात. म्हणून उंच इमारतीत आधी आगीचा मजला, त्याच्या लगतचा वरचा आणि खालचा एवढेच हलवायचे, बाकीचे पाळीपाळीनं. हे कागदावर सोपं आहे. आपल्या खालून धूर येतोय हे दिसत असताना ‘तुम्ही थांबा’ हे माणसानं ऐकायचं, तर घोषणा करणाऱ्या आवाजावर त्याचा आधीपासून विश्वास हवा.

आणि इथं आपल्या ऑफिसांचा खरा अशक्तपणा दिसतो. हूटर, म्हणजे आगीचा भोंगा, वाजला की माणसं काय करतात? एकमेकांकडे बघतात. ‘ड्रिल असेल’ म्हणतात. मेल पुरी करतात, लॅपटॉप मिटून सॅकमध्ये भरतात, चार्जर काढायला टेबलाखाली वाकतात. कुणी क्लायंटच्या कॉलवर असतो, तो हातानंच ‘एक मिनिट’ करतो. साहेब केबिनमधून उठत नाहीत तोवर खालची फळी हलत नाही. जिना उतरायला मजल्यामागे पंधरा-वीस सेकंद लागतात. खुर्चीतून उठायला चार-चार मिनिटं. जीव वाचवण्याचा वेळ जातो तो इथं.

यावर उपाय साधे आहेत, फक्त थोडे लाजिरवाणे वाटतात. साहेबांनी पहिल्यांदा उठायचं, आणि बॅग न घेता उठायचं. घोषणेत ‘तांत्रिक कारणास्तव’ वगैरे भाषा वापरायची नाही. ‘आठव्या मजल्यावर आग आहे. सात, आठ आणि नऊ मजल्यांवरच्यांनी आत्ता जिन्यानं खाली उतरा. लिफ्ट वापरू नका.’ एवढंच, दोनदा, मराठीत आणि मग हिंदी-इंग्रजीत. खरं सांगितलं तर लोक बिथरतील, ही भीती बहुतेक वेळा फोल ठरते. लोक बिथरतात ते काही कळलं नाही म्हणजे. पायात उंच टाचा असतील तर काढून टेबलाखाली ठेवायच्या, जिन्यात काढायच्या नाहीत, कारण पायरीवर पडलेली चप्पल मागच्याला पाडते. हातात चहाचा कप नको. सांडलेला चहा आणि गुळगुळीत कोटा फरशी ही जोडी ठाऊक असेलच.

आग विझवायची की पळायचं? कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, पाठीशी बाहेरची वाट मोकळी असेल आणि अलार्म आधीच दिला असेल, तर एक प्रयत्न जरूर करावा. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंद चालतो. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची, आणि झाडू मारल्यासारखी नळी इकडून तिकडे फिरवायची. बहुतेक जण ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात आणि पावडर छतावर जाते. पॅनेल, सर्व्हर असं विजेचं काही असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. मात्र त्याचं कर्ण्यासारखं तोंड उघड्या हातानं धरायचं नाही, ते इतकं गार पडतं की कातडी चिकटते. एक सिलिंडर संपला आणि आग राहिली, तर दुसरा शोधत बसायचं नाही. दार ओढून घ्यायचं आणि निघायचं.

प्रत्येक मजल्यावर फायर मार्शल नेमलेले असतात. त्यांची नावं भिंतीवर लावलेली असतात आणि त्यातले निम्मे नोकरी सोडून गेलेले असतात. मार्शलचं काम गर्दीच्या पुढे धावणं नव्हे, मागे राहून आपला पट्टा, म्हणजे मजल्याचा आपल्या वाट्याचा भाग, रिकामा करणं. फोन बूथ, मीटिंग रूम, सर्व्हर रूम, हिरकणी कक्ष, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वच्छतागृह, तेही आत शिरून प्रत्येक दार ठोठावून. मुंबईत 28 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमध्ये लागलेल्या आगीत 14 जण गेले, आणि त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरलेले सापडले. पाणी आहे, टाइल्स आहेत, जळायला काही नाही, म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. पण तिला दुसरं दार नसतं, आणि धूर टाइल्स बघून थांबत नाही. मार्शलनं बघून झालेल्या खोलीचं दार मिटून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. मिटलेलं दार हे फुकटातलं आगरोधक आहे.

लिफ्ट नको, हे सगळ्यांना पाठ असतं; का नको, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. लिफ्टचा खड्डा धूर ओढतो, हे एक. विझवण्याचं पाणी खड्ड्यात उतरतं आणि विजेच्या भागांची वाट लावतं, हे दुसरं. आणि लिफ्ट नेमकी आगीच्या मजल्यावर जाऊन दार उघडू शकते, हे तिसरं. फायर लिफ्ट वेगळी असते, तिची किल्ली अग्निशमन दलाकडे.

जिन्यात शिरल्यावर खालीच जायचं. छतावर जाणं हा शेवटचा पर्याय. 22 जुलै 2019 ला वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा गच्चीवर अडकलेल्यांसह 84 जणांना अग्निशमन दलानं शिड्या लावून खाली आणलं. त्यामुळे गच्ची सुरक्षित, असा समज पक्का झाला. पण कोलकात्यात 23 मार्च 2010 ला स्टीफन कोर्टमध्ये वर पळालेली माणसं गच्चीच्या कुलूपबंद दाराशी, जिन्यातच मेलेली सापडली. खालची वाट खरोखर बंद असेल आणि वरचं दार उघडं असल्याची खात्री असेल, तरच वर. उतरताना आणखी एक चूक होते: माणसं भरात तळमजला ओलांडून बेसमेंटमध्ये उतरतात. जिना सलग खाली जात असेल तर तळमजल्याच्या टप्प्यावर खालची वाट अडवणारं छोटं फाटक आणि ठळक अक्षरांत ‘इथून बाहेर’ एवढं तरी असावं. उतरताना कठड्याकडची एक बाजू मोकळी ठेवायची, कारण होज, म्हणजे पाण्याचे पाइप, घेतलेले जवान त्याच जिन्यानं वर येत असतात.

ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांचं काय? व्हीलचेअरवरचा सहकारी, नववा महिना लागलेली, कालच गुडघ्याला प्लास्टर घातलेला, दम्याचा रुग्ण. यांची नावं, टेबल आणि त्यांच्यासोबत असणारी दोन ठरलेली माणसं आधीच लिहून ठेवायला हवीत. जिना उतरायची खास खुर्ची मिळते, ती पट्ट्यांवर घसरत उतरते, पण ती चालवायला सवय लागते. खोक्यातून पहिल्यांदा आगीतच निघाली तर ती जिन्यात आडवी पडते आणि वाट अडवते. 24 मीटरपेक्षा उंच इमारतींत रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत सुटकेची वाट बघत थांबायची जागा, ठेवावा लागतो, दर माणशी 0.3 चौरस मीटर. म्हणजे फक्त उभं राहण्यापुरती जागा. तिथं जुन्या खुर्च्यांची थप्पी, एसीचे आउटडोअर युनिट, कुठंकुठं चक्क टेबल टेनिसचं टेबल. इमारतीतली ही एकच जागा अशी, की तिचं रिकामं असणं हाच तिचा उपयोग आहे.

दाराला हाताची पाठ लावून बघायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. अशा वेळी खोलीत थांबायचं, दाराखालची फट कपड्यानं, ओला मिळाला तर उत्तम, बुजवायची, 101 ला फोन करून इमारत, विंग, मजला आणि कोणत्या बाजूची खिडकी हे सांगायचं, आणि काचेशी उभं राहून हात हलवायचा. काच फोडण्याची घाई नको. खालच्या मजल्याचा धूर त्याच भोकातून आत येतो, आणि फुटलेली काच परत बसवता येत नाही.

खाली जमल्यावर हजेरी. एचआरची यादी हातात घेऊन नावं वाचणारा उत्साही माणूस असतोच. त्या यादीत पॅन्ट्रीतला मुलगा नसतो, एसी दुरुस्तीला आलेला नसतो, मुलाखतीला आलेली मुलगी नसते. आज रजेवर असलेले मात्र असतात. अॅक्सेसच्या नोंदींवरही विसंबून चालत नाही, कारण एकानं कार्ड लावलं की मागोमाग तीन जण शिरतात. त्यापेक्षा प्रत्येक मार्शलनं ‘माझा पट्टा रिकामा’ किंवा ‘पूर्वेकडची मीटिंग रूम बघता आली नाही’ एवढं सांगणं जास्त खरं. पहिल्या बंबाच्या अधिकाऱ्याला तेच हवं असतं: आग कुठं, आत कुणी राहिलंय का, आणि विजेचा मेन स्विच कुठला. जमायची जागा काचेच्या भिंतीपासून लांब हवी आणि बंबाच्या वाटेत नको. मुंबईत ही जागा शोधणं म्हणजे रडगाणंच. शेवटी समोरच्या वडापावच्या गाडीशी सगळे जमतात, तर तीच जागा अधिकृत केलेली बरी.

काचेच्या टॉवरांचं एवढं बोललो, पण छोट्या जागा जास्त धोक्याच्या. पोटमाळ्यावर शिलाई, खाली दुकान, रस्त्याकडे एकच शटर. 9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथं कापडाच्या दुकानात झोपलेले 5 कामगार गेले; दार बाहेरून बंद होतं. तिथं पास्कल आणि पॅनेल लांबची गोष्ट. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी आणि मागच्या बाजूला दुसरी वाट, एवढं असतं तर पुरेसं होतं.

महाराष्ट्रात 2006 च्या कायद्यानुसार आगीची यंत्रणा नीट असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते फायलीत असतं. संहितेनुसार सराव पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. तोही होतो, बहुधा शुक्रवारी चार वाजता, आधी मेल पाठवून, हवा छान असताना. एकदा तरी न कळवता करावा, आणि एक जिना ‘धुरानं भरलाय’ असं सांगून माणूस उभा करून बंद ठेवावा. तेव्हा कळतं, दुसरा जिना किती जणांना ठाऊक आहे.

सराव संपला की सगळे लिफ्टपुढे रांग लावतात. त्या वेळी कंट्रोल रूममध्ये दोन गोष्टी राहून जातात. लोक तक्रार करतात म्हणून पॅनेलवर गप्प केलेले हूटर तसेच गप्प राहतात, आणि चाचणीसाठी ‘मॅन्युअल’वर आणलेला फायर पंपाचा सिलेक्टर, म्हणजे पंप हातानं की आपोआप चालायचा हे ठरवणारा स्विच, तसाच राहतो. सिलेक्टर ‘ऑटो’वर फिरवायचा, गप्प केलेले हूटर परत जोडायचे, पॅनेलवर एकही पिवळा दिवा उरला नाही ना ते बघायचं, आणि वहीत वेळ टाकून दोघांनी सही करायची.